भिंतीआडचे गुरुजी

बँकेच्या वीस वर्षांच्या नोकरीत मी किती अंगठे उठवून घेतले असतील, त्याची मोजदाद नाही. शाईचा पॅड पुढे सरकवायचा, समोरच्याचा डावा अंगठा आपल्याच हाताने धरून त्यावर दाबायचा, मग तो व्हाउचरवर टेकवायचा आणि पुसायला रद्दीचा कपटा द्यायचा. अंगठा उठवणारा माणूस त्या कपट्याला बोट पुसत असताना सहसा मान वर करीत नाही. ही गोष्ट रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. पण ती मला दिसली फार उशिरा, आणि दाखवून दिली ती गुरुजींनी.

१९९२ सालची गोष्ट. आमची शाखा पुण्याच्या पूर्व भागात होती. एके दिवशी पन्नाशी ओलांडलेले एक काटकुळे गृहस्थ एका माणसाला घेऊन माझ्या टेबलाशी आले. या माणसाचे बचत खाते उघडायचे होते. तो अंगाने आडवा, केस बारीक कापलेले, हात सुताराचे. मी सवयीने पॅडकडे हात नेला. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, “पॅड राहू द्या साहेब. ते सही करतात.”

त्या काळी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. मी विचारले, “ओळख कोण देणार?”

“मी देतो. माझं पगाराचं खातं तुमच्याकडेच आहे.”

“किती वर्षं ओळखता यांना?”

“अकरा वर्षं. येरवड्याला.”

“येरवड्याला राहता का आपण?”

“मी तिथं नोकरीला आहे,” ते म्हणाले, “हे तिथं राहायला होते.”

येरवडा म्हटले की पुणेकराच्या मनात दोनच वास्तू येतात, आणि दोन्हींबद्दल उघड विचारायची चोरी. मी काही बोललो नाही. नमुना सहीचे कार्ड पुढे केले. त्या माणसाने पेन घेतले आणि स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे सगळे सविस्तर लिहायला सुरुवात केली. अक्षरे आधी सुटी लिहायचा आणि शब्द पुरा झाला की डोक्यावरची रेघ ओढायचा. रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा. कार्डावर तीन सह्या लागतात. त्या होईपर्यंत मागे सहा-सात माणसांची रांग झाली आणि कोणीतरी घड्याळ पाहून चुकचुकले. तिसरी सही झाल्यावर मात्र त्याने मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिले.

गुरुजींचे नाव मी इथे देत नाही. त्यांना ते रुचले नसते, आणि या हकिकतीतल्या दुसऱ्या माणसाचे नाव देणे तर बरोबरच नाही. ते येरवडा मध्यवर्ती कारागृहात शिक्षक होते आणि आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहत होते. मुलांना संध्याकाळी खो-खो शिकवणारे गुरुजी ते हेच, हे मला घरी गेल्यावर बायकोने सांगितले. माझा आठ वर्षांचा मुलगा महिनाभर त्यांच्याकडे जात होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. बँकेतल्या बापांचे असेच असते.

पुढे ओळख वाढली. माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा त्या वेळी टेबलाच्या खणात पडून होता, त्यामुळे तुरुंगात नोकरी करणारा माणूस शेजारी आहे म्हटल्यावर माझी जीभ लवलवू लागली. मी त्यांना आडूनआडून विचारायचो, अमक्याने काय केले होते, तमका कशासाठी आत आहे. ते शांतपणे सांगायचे, “गुन्हा त्यांच्या कागदात असतो, साहेब. माझ्या हजेरीत नसतो.” खरे सांगायचे तर मला रागच यायचा. हाती आलेला मालमसाला हा माणूस उगाच झाकून ठेवतो असे वाटायचे.

ते सांगायचे ते शिकवण्याबद्दल. येरवड्याची ती १८७१ सालची वास्तू आपल्याला ठाऊक असते ती गांधीजींमुळे आणि १९३२ च्या सप्टेंबरात तिथे झालेल्या पुणे करारामुळे. आपल्या मराठी वाङ्मयावर तुरुंगाचे मोठे ऋण आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात कागदावर उतरली. हे सारे मी एकदा मोठ्या उत्साहाने गुरुजींना ऐकवले. ते म्हणाले, “ते सगळे आत येताना लेखणी घेऊन आले होते. माझ्याकडं येतो तो अंगठा घेऊन येतो.”

वर्ग भरायचा तो बंद्यांची कामे सांभाळून. शिक्षा झालेल्यांना विणकाम, सुतारकाम, शिवणकाम असे काही ना काही काम असते, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मोजणी होऊन बराकी बंद होतात. मधल्या सापटीत तास-दीड तास मिळायचा. शिकलेले बंदी हाताशी घेऊन ते गट पाडायचे. अननस-आगगाडीची पुस्तके त्यांनी पहिल्याच वर्षी कपाटात ठेवून दिली होती. चाळिशीच्या माणसाला अननस दाखवला की तो हसतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. गुरुजी आधी विचारायचे, घरी कोण कोण आहे? मग त्यातले जे नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा येईल त्याच नावाची अक्षरे पहिली. एकाने सांगितले, घरी कोणी नाही, बैल होता. तो ‘सर्जा’ या शब्दावर शिकला. पहिल्याच धड्याला जोडाक्षर आले म्हणून गुरुजींची पंचाईत झाली, पण बैलाचे नाव बदलता येईना.

सगळा खटाटोप होता पत्रासाठी. लिहिता न येणारा बंदी दुसऱ्या बंद्याकडून पत्र लिहून घेतो. तिसऱ्याच्या हाताने माणूस बायकोला काय लिहिणार? मी सुखरूप आहे, काळजी नसावी. पिकाचे विचारतो, गुरांचे विचारतो, आणि जे विचारायचे असते ते पोटात ठेवतो. शिवाय पत्र कारागृहाच्या कार्यालयात वाचले जाते, ते वेगळेच. पण निदान लिहिणारा हात तरी आपला हवा, असे गुरुजी म्हणायचे. एकाने दीड वर्ष खपून घरी चार ओळी लिहिल्या. बायकोला वाचता येत नव्हते. शेजारच्या शाळकरी पोराने वाचून दाखवल्या. पुढच्या मुलाखतीला ती आली तेव्हा पत्र पोलक्यात ठेवून आली होती आणि तिने नवऱ्याला म्हटले, आता पुन्हा तुमच्या तोंडाने वाचा.

हे सगळे त्यांच्यात आले कुठून, याचे उत्तर त्यांच्या गावात होते. ते आटपाडीकडचे, माणदेशातले. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. तिला भिंत नव्हती. कैदी तिथे बायकापोरांसह राहून शेती करीत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चे बीज तेच, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलुखातले. गुरुजींचा जन्म १९३८ चा. त्यांच्या लहानपणी वसाहतीतली पोरे गावातल्या पोरांबरोबर खेळत. “खून केलेल्या माणसाच्या पोराचा खो मी घेतलेला आहे,” ते सांगायचे, “घरी आई फक्त विचारायची, पायाला काटा लागला नाही ना?”

तो खो-खो त्यांनी जन्मभर सोडला नाही. पाचच्या सुमारास लोखंडी दरवाजातून बाहेर पडायचे, सायकल मारीत घरी यायचे, चहा घ्यायचे आणि सहाच्या आत मैदानावर. मैदान म्हणजे बागेसाठी राखून ठेवलेला आणि कधीही बाग न झालेला एक मोकळा भूखंड. सचिन तेंडुलकर नावाची साथ तेव्हा नुकती सुरू झाली होती, त्यामुळे अर्ध्या भूखंडावर क्रिकेट चाले. क्रिकेटमध्ये ज्याला कोणी घेत नाही तो पोरगा खो-खोकडे ढकलला जाई. माझा मुलगा त्यातलाच.

खो-खोला दोन खांब आणि फक्कीच्या रेघांखेरीज काही लागत नाही. आठ जण एकाआड एक तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळे रान मोकळे. “चोर-पोलिसांचाच खेळ आहे हा,” गुरुजी म्हणायचे, “फक्त कायदा सगळा पोलिसाला.” मुले खो मिळायच्या आधीच ताडकन उठत. गुरुजी ओरडत नसत. उठलेल्याला परत बसवून म्हणत, “तुझी पाळी येणार आहे. बसलेला पण खेळतच असतो.” त्यांच्या तिन्ही मुली याच मैदानावर वाढल्या. घरी तुरुंगाचा विषय ते काढत नसत. रविवारी मंडईतून पिशव्या आणून काकूंना स्वयंपाकघराबाहेर काढायचे आणि स्वतः पिठले-भात रांधायचे. पिठल्यात गुठळ्या असायच्या. तरी कोणी कधी तसे म्हटले नाही.

आणि १९९३ पासून मैदानावर तो माणूस येऊ लागला. गुरुजींनी त्याला एका लाकडाच्या वखारीत काम लावून दिले होते. सुतारकाम तो आतच शिकला होता. त्याने वखारीतल्या जुन्या सागवानी वाशांतून दोन खांब करून आणले. डोकी गोल केलेली, पॉलिशकागदाने घासून जवसाचे तेल दिलेले. पोरांच्या तळहाताला कुसळ लागू नये म्हणून त्याने खांबांवरून स्वतःचा गाल फिरवून पाहिलेला मी बघितला आहे. मग तो रोज साडेपाचला येऊन फक्की मारू लागला. दोरी न लावता सरळ रेघ मारायचा. मारताना श्वास रोखायचा.

एकदा माझा मुलगा खांबाशी सूर मारताना पडला, गुडघा चांगलाच फुटला. त्या माणसाने त्याला खांद्यावर घेतले आणि आमच्या घरी आणून पोहोचवले. बायकोने त्याला चहा दिला, तो दारातच उभा राहून प्यायला. तो कुठून आला आहे हे मला माहीत होते. बायकोला नव्हते. मी सांगितले नाही. बँकेत ग्राहकाची गोष्ट बाहेर बोलायची नसते, असे मी मनाशी म्हटले. ते कारण सोयीचे होते.

१९९४ च्या दिवाळीत कॉलनीतल्या एका घरी त्यांचे गावाकडचे पाहुणे आले. त्यांनी त्या माणसाला ओळखले. बांधावरून भांडण, चुलतभावाच्या डोक्यात खोऱ्याचा घाव, जन्मठेप, चौदा वर्षे. दोन दिवसांत सगळ्या कॉलनीला कळले. त्या रात्री बायको म्हणाली, “अहो, त्याने आपल्या मुलाला खांद्यावरून आणलं होतं.” ती त्याच्या बाजूने बोलत होती की भीतीने, तिच्या सुरावरून मला कळेना.

बैठक झाली. पंधरा-वीस पालक, पोहे, चहा. गुरुजींनाही बोलावले होते. कोणी वाईट बोलले नाही, सगळे सभ्य लोक. मुलांचा प्रश्न आहे, मुलींचा तर आहेच, त्या माणसाबद्दल वैयक्तिक काही नाही. कोणी विचारले, तुमच्याही घरी मुलगी आहे ना, गुरुजी? ते म्हणाले, “आहे ना. धाकटी सोळा वर्षांची आहे. फक्कीची बादली रोज तीच उचलून देते त्यांना.” मग थोडे थांबून म्हणाले, “शिक्षा जन्मठेपेची होती. चौदा वर्षं भोगून सरकारनं सोडलं. आता तुम्ही किती वर्षांची देताय तेवढं सांगा. मी त्यांना कळवतो.”

कोणी बोलेना. मग यजमानांनी विषय बदलावा तसे सगळ्यांकडे पाहत विचारले, “आपल्यापैकी कोणाला माहीत होतं का हे आधी?”

माझ्यावर नजर आली तेव्हा मी म्हणालो, “नाही.”

दोन वर्षांपूर्वी ज्याची तीन वेळा सही घेऊन मी खाते उघडले होते, त्याच्याबद्दल मी नाही म्हणालो. गुरुजी समोरच बसले होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि काहीही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते, असे मला कितीतरी वर्षे वाटत राहिले. म्हणजे मग निदान मला त्यांच्याशी भांडता आले असते.

दुसऱ्या दिवसापासून तो माणूस मैदानावर आला नाही. त्याला कोणी सांगितले, की तो आपणच समजला, कोण जाणे. तरी मुले गळालीच. मी माझ्या मुलाला स्कॉलरशिपच्या क्लासला घातले. त्याने दोन दिवस आदळआपट केली, तिसऱ्या दिवशी विसरला. सव्वीस मुलांतली नऊ उरली. नऊ म्हणजे एक बाजू, पळायला कोणी नाही. आमच्या गॅलरीतून मैदानाचा एक कोपरा दिसायचा. तिथे छप्पन्न वर्षांचे गुरुजी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः पळताना मी पाहिले आहेत. सोबत त्यांची धाकटी. मुलांना बाद करता यावे म्हणून दोघेही खांबापाशी जरा हळू होत.

पंधरवड्याने तो माणूस बँकेत आला. खाते बंद करायचे होते. दुसऱ्या गावी एका मिलवर काम मिळाले होते. खात्यात २,३४० रुपये होते. त्याने फॉर्मवर सही केली. हात आता पुष्कळ सुटला होता, वरची रेघ एका झटक्यात आली. मी पासबुकावर ‘रद्द’चा शिक्का मारला. पैसे मोजून खिशात ठेवल्यावर तो म्हणाला, “साहेब, बाळाचा गुडघा बरा हाय का?”

“बरा आहे,” मी म्हणालो.

१९९६ मध्ये गुरुजी निवृत्त झाले. त्यांचे पेन्शन आमच्याच शाखेत येऊ लागले. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर त्यांची सही घ्यायला मीच असायचो. मैदान पुन्हा हळूहळू भरले, नवी मुले आली. २००१ मध्ये बँकांतल्या त्या मोठ्या स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत मी बाहेर पडलो आणि पूर्णवेळ लिहू लागलो. आमचे जाणे-येणे चालू राहिले. त्या बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

२००९ मध्ये काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. त्यांच्या नावच्या खात्याचा प्रश्न उभा राहिला. मी गुरुजींसोबत शाखेत गेलो. माझ्या जुन्या टेबलावर एक तरुण अधिकारी होता, वागायला चांगला. तो म्हणाला, “आजोबा, काही अडचण नाही, अंगठा चालेल.” त्याने पॅड पुढे सरकवला. गुरुजींनी तो जिथे होता तिथे परत ठेवला आणि म्हणाले, “अंगठा नको. थोडे महिने थांबा.” आठ महिने ते रोज सकाळी काकूंच्या डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल देऊन बसत. तिन्ही मुलींच्या नावांपासून सुरुवात केली होती. काकू चिडायच्या, पेन्सिल फेकायच्या. ते उचलून परत द्यायचे. आठव्या महिन्यात काकूंनी कार्डावर सही केली. ती वाकडीतिकडी होती, पण तिच्या डोक्यावर रेघ होती. २०१६ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांनी अंगठा उठवला नाही.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. गुरुजी तेव्हा शहाऐंशीचे. धाकट्या मुलीच्या घरी टीव्हीसमोर आम्ही दोघे बसलो होतो. पुरुषांत आणि महिलांत, दोन्हीकडे भारताने नेपाळला हरवले. कर्णधार दोघेही महाराष्ट्राचे, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे. मुले मातीऐवजी रंगीत मॅटवर सूर मारीत होती. गुरुजी मान पुढे काढून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गुडघे फुटत नाहीत आता पोरांचे.” बोलायची ती वेळ होती. मी चहाचा कप उचलला.

त्याच वर्षी जुलैत ते गेले. दिवस झाल्यावर धाकटीने मला बोलावून एक लांब वही हातात दिली. “तुम्ही लिहिता ना काका, तुमच्याकडे असू दे,” ती म्हणाली. मैदानाची हजेरी होती. दर महिन्याचे पान, डाव्या बाजूला नावे, पुढे तारखांचे रकाने, हजर असेल तर ‘ह’, नसेल तर ‘गै’. मी १९९४ चा नोव्हेंबर काढला. चौदाव्या नंबरला माझ्या मुलाचे नाव आहे. सव्वीस मुलांची नावे संपल्यावर खाली सत्ताविसावे नाव त्या माणसाचे, तसेच पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बैठकीच्या दिवसापर्यंत दोघांच्याही पुढे ‘ह’ आहे. त्यानंतर रोज ‘गै’. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, दर महिन्याच्या नव्या पानावर गुरुजींनी दोन्ही नावे पुन्हा लिहिली आहेत आणि एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत एकेक रकाना भरला आहे. नाव कोणाचेच कापलेले नाही.